गव्हाचा सांधा

अमीन मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आमची एक खुर्ची मोडली.

परवानगी मागून मोडली. वडील व्हरांड्यात चहा घेत बसले होते, मिस्त्री पायरीवर उभे होते. त्या खुर्चीचा एक पाय आदल्याच आठवड्यात बाजारातल्या सुताराकडून सांधून आणला होता. कामाचं बोलता बोलता मिस्त्रींचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

“सायेब, ह्यो पाय मोडू का?”

वडिलांना ती थट्टा वाटली. “मोडा की,” ते म्हणाले.

मिस्त्रींनी खुर्ची उलटी केली, गुडघा टेकला आणि दोन्ही हातांनी एक हिसका दिला. पाय निघून हातात आला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि सांध्यावरून बोट फिरवलं.

“बघा. सरस जसाच्या तसा सुटलाय. लाकडाचा एक तंतू त्याच्यासंगं आला न्हाई. म्हंजे त्यो निस्ता वर बसला व्हता, त्यानं धरलं काईच नव्हतं. आठ दिसांत तुमी पडला असता.”

खुर्ची ते घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत आणून ठेवली आणि वडिलांना म्हणाले, “आता मोडा.” वडिलांनी खरंच प्रयत्न केला. मी खिडकीच्या पडद्यामागे होते. वडील घामाघूम झाले, पाय हलला नाही. आई आतून म्हणाली, “माणूस जरा चमत्कारिकच दिसतोय.”

लढाईची वर्षं होती. माझं शिक्षण पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, वसतिगृहात राहून झालं होतं. शाळा संपली आणि विषमज्वरानं मला लोणावळ्याला घरी आणून बसवलं. इंग्रजी मला चांगलं येत होतं आणि बोलायला कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर बोलायचंही नव्हतं. वडील स्टेशनजवळच्या खोक्यांच्या कारखान्याचे मॅनेजर होते. औषधाच्या बाटल्या लांब पाठवायला लागणारी लाकडी खोकी तिथे होत. तीन पातळ फळ्या उभ्या-आडव्या एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये सरस लावायचा, लोखंडी प्रेसमध्ये दाबायच्या आणि त्या जाड फळीची खोकी करायची, असं ते काम. लढाईमुळे चांगला सरस मिळेनासा झाला होता. जो मिळे तो पातळ आणि कुबट वासाचा; आमच्याकडच्या ओल्या हवेत तो गुळासारखा पाघळायचा. बोरघाट उतरेपर्यंत खोक्याच्या फळ्या एकमेकींना ओळख दाखवेनाशा व्हायच्या. दोनदा माल परत आला होता. तिसऱ्यांदा आला असता तर कारखान्याला टाळं लागलं असतं, आणि कारखान्यात वलवण आणि आसपासच्या गावांतली चाळीस माणसं होती.

अशा वेळी मिस्त्री वडिलांना सांगायला आले होते की, चिकटवायचा पदार्थ गव्हातून काढता येईल.

ते आमच्याच कारखान्यात होते. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी रेल्वेच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे केले होते. पंचावन्नच्या आसपास वय, सडपातळ, बारीक कापलेली करडी दाढी, डोक्याला काळी टोपी. डाव्या हाताचा अंगठा कधीतरी कशाखाली सापडून चपटा झाला होता, आणि फळीचा गुळगुळीतपणा ते त्याच अंगठ्यानं पाहायचे. अंगातल्या खाकी कोटाचे खिसे लाकडाच्या तुकड्यांनी फुगलेले. घर तांबोळ्यांचं; बाजारात धाकट्या भावाचं पानाचं दुकान होतं. मिस्त्री स्वतः पान खात नसत, पण चुन्याची डबी मात्र त्यांच्याजवळ असे. कुठल्याही पदार्थाचा आधी वास घ्यायचा, मग तो जिभेवर ठेवायचा, ही त्यांची रीत. सरससुद्धा. मग थुंकायचे आणि त्याबद्दल काहीतरी अगदी अचूक बोलायचे.

गव्हातला तो पदार्थ त्यांनी आम्हाला आमच्याच परसात दाखवला. आईकडून मळलेल्या कणकेचा मूठभर गोळा मागून घेतला. तो तळहातावर धरून नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहिले. पांढरं पाणी वाहायला लागलं. गोळा लहान लहान होत गेला, आणि शेवटी हातात पिवळसर, चिवट असं काहीतरी उरलं. ते त्यांनी ओढलं. लांब झालं. सोडलं. परत आखडलं.

“ह्यी गव्हाची नस,” ते म्हणाले. “पीठ वाहून गेलं, नस ऱ्हायली. चपाती फाटत न्हाई ती हिच्यापायी. हिच्यात चुना अन् पापडखार घातला की सरसाच्या बापाला ऐकायची न्हाई.”

आईनं ते पांढरं पाणी मोरीतून जाताना पाहिलं. “रेशनचा गहू मिळत नाही,” ती म्हणाली, “आणि तुम्ही तो धुऊन टाकताय? माणसांनी खायचं काय, खोकी?”

मिस्त्रींनी नळ बंद केला. हातातली ती नस त्यांनी रुमालात गुंडाळली. जाताना वडिलांना एवढंच म्हणाले, “वहिनीसायेब बराबर बोलल्या. मी खायच्या गव्हाला हात लावनार न्हाई. दुसरी वाट काढतो.” ही अट त्यांनी स्वतःच स्वतःवर घातली. पुढच्या सगळ्या अडचणी तिच्यातूनच निघाल्या.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो वहीमुळे. नवा पदार्थ वापरायचा तर पुरवठा खात्याला प्रयोगांची इंग्रजी नोंद हवी होती. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. वडील म्हणाले, “सुमन लिहील.” माझं मत कुणी विचारलं नाही, मिस्त्रींनीही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी दोन तास कारखान्यामागच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागले.

शेडच्या वळचणीला एका ओळीत खिळे ठोकलेले होते. प्रत्येक खिळ्याला चिकटवलेल्या फळ्यांची एक जोडी, आणि जोडीला खाली टांगलेला एक धोंडा. लोणावळ्याचं धुकं आणि पाऊस त्यांच्यावर येत असे. “हितं टिकलं ते कुटंबी टिकंल,” ते म्हणत. अधूनमधून एखादा धोंडा धप्प करून पडे. इतर माणसं दचकत. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र, पत्र यावं तसा आनंद दिसे. हातातलं काम टाकून ते तुकडे उचलत आणि चष्मा कपाळावर चढवून तुटलेली कड बघत. फळीच फाटली असेल तर सांधा जिंकला. सांध्यातून सुटलं असेल तर हरला. “तुटतंय समदंच, ताई,” ते मला म्हणाले होते. “आपन फकस्त कुटनं तुटलं त्ये बगायचं.”

त्या वयात मला ‘तुम्ही’ म्हणणारे ते पहिले मोठे गृहस्थ.

ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिही, आणि मग ते म्हणत, “आता माजं मला वाचून दाखवा.” म्हणजे मी लिहिलेलं पुन्हा मराठीत सांगायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पकडलं. एका जोडीची फळी फाटली होती आणि मी घाईत लिहिलं होतं की सांधा निकामी झाला. मी ते वाचून दाखवल्यावर त्यांनी ती फाटलेली फळी माझ्यापुढे ठेवली.

“ताई, त्यो पास झालेला पोरगा. तुमी त्याला नापास केला.”

मी खोडून पुन्हा लिहिलं. मला रडू येत होतं. ते दुसऱ्या जोडीकडे वळले. फसलेले प्रयोग मी थोडक्यात लिहिले तरी त्यांना चालत नसे. जिंकलेल्याला दोन ओळी पुरत, हरलेल्याला पान लागे. कुठलं लाकूड, हवा कशी, चुना कधी भिजवला, प्रेस कुणी आवळला. एकदा मी धीर करून विचारलं की, हे सगळं साहेबांना कशाला हवं? ते म्हणाले, “सायबाला कशाला? आपल्याला. फुडच्या खेपंला तीच चूक नको. नवी करू.”

खायचा गहू वापरायचा नाही, मग गहू आणायचा कुठून? मिस्त्रींना उत्तर सापडलं चैत्रात. मावळात त्या दिवसांत घरोघर कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग पाट्यावर वाटून, पिळून त्याचा पांढरा चीक काढतात. तो चीक शिजवून सोऱ्यानं कापडावर कुरडया घालतात. मागे उरतो तो चोथा. थोड्याच्या भुसवड्या करतात, बाकीचा म्हशीपुढे जातो. मिस्त्रींचा हिशेब सरळ होता: कणीक धुतली की पांढरं पाणी जातं आणि नस उरते; तसाच चीक गेला की चोथ्यात नस उरणार. म्हशीच्या तोंडचा घास तेवढा घ्यायचा. ते वलवणमध्ये घरोघर फिरले आणि आठ दिवसांत चोथ्याची पोती शेडमध्ये आली. वाळवून, कुटून, चाळून त्याची पूड झाली. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यातला सखाराम त्यांना म्हणालासुद्धा, “मिस्त्री, आता म्हशी तुमच्यावर फिर्याद करत्याल.”

त्या पुडीचा एकही सांधा टिकला नाही. पहिल्या दिवशी धोंडे लटकले, दुसऱ्या दिवशी ओळीनं पडले. सगळे सांध्यातूनच सुटलेले. मिस्त्रींनी चुना वाढवला, कमी केला, पापडखार बदलला, प्रेस बदलला. तीन आठवडे गेले. वही हरलेल्यांनी भरत चालली. वडील रोज विचारत, “काय मिस्त्री?” आणि मिस्त्री म्हणत, “अजून न्हाई.” त्या दिवसांत त्यांचा राग फार वाईट होता. सखारामनं एका फळीला कमी दाब दिला म्हणून त्यांनी त्याचं तयार खोकं उचलून बाहेर चिखलात फेकलं. सखाराम दोन दिवस कामावर आला नाही. मिस्त्रींनी त्याची माफी मागितल्याचं मला माहीत नाही.

कोडं सोडवलं ते भागूमावशीनं. वलवणला धरणाकडच्या बाजूला तिचं घर होतं. उंच, काळीसावळी, मोठ्या आवाजाची. तिचा नवरा आमच्याच कारखान्यात प्रेसवर होता. माहेर सुदुंबऱ्याचं, आणि गहू माहेरचाच येई, याचा तिला अभिमान. नवऱ्याचा डबा घेऊन ती आली होती. शेडपाशी थांबून तिनं वास घेतला.

“काय भाऊ, आमचा चोथा नासवला का काय?”

“नासवला न्हाई, वाळवून घेतला. पर भागूबाय, तुज्या गव्हात नसच न्हाई. धरतच न्हाई कशाला.”

“आन् माज्या गव्हाला नाव ठिवू नका, सांगून ठिवते!” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “म्हायेरचा गहू हाय. त्याची चपाती ताणली तर फुटत न्हाई. पर तुमी त्यो तीन दिस आंबल्यावर घेताय. आंबलेल्या गव्हात कशी ऱ्हाईल तुमची नस? ती जावी म्हनून तर आमी आंबवतो. न्हाईतर चीक पिळताना हाताला रबराचा गोळा हुतोय. येकदा सासूबाईंनी घाईनं येका दिसात वाटला, तर पाट्याला चिटकून बसला. धा बायांना सुटंना.”

मिस्त्रींनी हातातला धोंडा खाली ठेवला. पुन्हा विचारलं, “पाट्याला चिटकला?”

“मग काय! सासूबाईंनी पाटाच बाहीर ठिवला.”

ते इतक्या मोठ्यानं हसले की प्रेसवरची माणसं बाहेर आली. तीन आठवडे ते ज्याच्या शोधात होते ते मावळातल्या बायका दरवर्षी मुद्दाम घालवून टाकत होत्या, आणि त्यांनी नेमकं तेच घालवलेलं गोळा करून आणलं होतं. “लिवा ताई,” ते म्हणाले, “चूक माजी. कापसाचं सूत पायजे अन् मी सरकी गोळा करत फिरलो.”

पण मग करायचं काय? न आंबवता वाटला तर कुरडई बिघडते, आणि कुरडईसाठी आंबवला तर नस जाते. यावर मिस्त्री आणि भागूमावशी शेडच्या दारात तासभर बोलत होते. नवऱ्याचा डबा तिच्या हातातच राहिला. शेवटी तीच म्हणाली, “आदी तुमचा गोळा काडून घ्यावा. आंबवायचं त्ये मागनं आंबवावं. चीकच आंबवावा की, गहू कशाला?”

म्हणजे गहू दळायचा, पीठ चाळायचं, कणीक मळून पाण्यात धुवायची. नस वेगळी निघेल. पांढरं पाणी दोन दिवस ठेवून आंबवायचं, निवळायचं आणि त्या चिकाच्या कुरडया करायच्या. खायचं ते खायला राहील. म्हशीपुढे जायचं तेवढंच मिस्त्रींकडे येईल.

एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोललं नाही. बायकांच्या घरचा चीक मिस्त्रींच्या हाताखालून गेला असता तर कितीतरी घरांत तो कुणी खाल्ला नसता. मिस्त्रींनी ती गोष्ट स्वतःच बाजूला केली. सहज, दुसऱ्याच कशाबद्दल सांगावं तसं ते म्हणाले, “भांडी तुमची, पानी तुमचं, हात तुमचे. धुताना मी ओट्याखाली हुबा ऱ्हातो. गोळा तेवडा माज्या फडक्यात टाका.” आणि तसंच झालं. भागूमावशीच्या ओट्यावर पाच बायका कणीक धुवायला बसल्या, आणि मिस्त्री खाली उन्हात, दोन्ही हातांत ओलं फडकं पसरून उभे. वरून गोळे पडत होते. एकीनं विचारलं, “भाऊ, ह्याच्यानं खरंच खोकं चिटकतंय?” “आदी तुजी कुरडई फुलू दे,” मिस्त्री म्हणाले, “मग माज्या खोक्याचं बगू. तुजी बिगडली तर उद्या मला गोळा कोन देईल?”

आठवड्यानं दोन्ही तऱ्हेच्या कुरडया तळल्या. तेल भागूमावशीनं काढलं होतं, आणि सगळी आळी जमली होती. जुन्या पद्धतीची कुरडई फुलली. नवी पडली कढईत, आणि क्षणभर तशीच राहिली. मग ती फुलली ती झाऱ्यात मावेना. “आगं बया,” भागूमावशी म्हणाली, “आन् कांडायचं-वाटायचं निम्मं काम वाचलं!” त्या दिवसानंतर मिस्त्रींना गोळे मागायला जावं लागलं नाही.

त्या गोळ्यांची पूड करून केलेले सांधे वळचणीला महिनाभर टिकले. धोंडे वाढवले तेव्हा फळ्या फाटल्या, सांधे सुटले नाहीत. वहीत मी मिस्त्रींच्या सांगण्यावरून लिहिलं की, आधी नस काढून मग चीक आंबवायची युक्ती वलवणच्या भागूबाईंची. वडिलांनी वही तपासताना ती ओळ खोडली. “साहेब लोक हसतील,” ते म्हणाले. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “मग माजंबी नाव खोडा.” ओळ राहिली.

आषाढात पुरवठा खात्याचा अधिकारी येणार होता. तीस खोकी तयार करून एक रात्र पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायची, सकाळी तो त्यातली कुठलीही तीन उचलणार आणि उंचावरून आपटणार. टिकली तर काम मिळणार, नाहीतर कारखाना बंद. तारीख अचानक दोन दिवस अलीकडे आली. मिस्त्री त्या दिवशी वलवणला होते. नव्या पुडीत वीसच खोकी झाली. वडिलांनी सखारामला सांगून उरलेली दहा, कोपऱ्यात पडलेल्या जुन्या चोथ्याच्या पुडीनं चिकटवून घेतली.

सकाळी मिस्त्रींनी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि उभ्या उभ्या वास घेतला. वडिलांनी त्यांना बाजूला नेलं. मी वहीपाशीच होते, त्यामुळे ऐकू आलं.

“तिसातली दहाच चोथ्याची आहेत. साहेब तीन उचलणार. मिस्त्री, चाळीस घरांचा प्रश्न आहे.”

मिस्त्री टाकीकडे गेले.

अधिकारी तरुण गोरा माणूस होता, पावसानं भिजलेला आणि घाईत. टाकीतून खोकी काढून ओळीनं मांडली. तो पहिलं उचलणार तोच मिस्त्री पुढे झाले. एकेका खोक्याला नाक लावत त्यांनी दहा खोकी बाजूला काढली आणि मराठीत म्हणाले, “ह्यी माज्या गव्हाची न्हाईत. ह्यी चोथ्याची. ह्यी टिकनार न्हाईत.”

अधिकाऱ्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील इंग्रजीत म्हणाले की, ही दहा जुन्या मापाची आहेत, म्हणून तो बाजूला काढतोय.

मिस्त्रींना त्यातलं अक्षर कळलं नाही. पण ते वडिलांकडे न पाहता माझ्याकडे वळले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, “ताई, तुमच्या वडलांनी काय सांगितलं त्ये मला वाचून दाखवा. अन् मग मी काय बोललो त्ये ह्या सायबाला.”

मी आधी त्यांना सांगितलं. मग अधिकाऱ्याला सांगितलं. वडील टाकीच्या पाण्याकडे बघत होते. त्या सकाळबद्दल मला एवढंच लिहायचं आहे. मिस्त्रींना खरं बोलणं सोपं जात असे, आणि ते दुसऱ्याला किती जड जाईल याचा विचार ते करत नसत. हे मी तेव्हाही त्यांना सांगितलं नाही, आणि आजही त्यांच्या मोठेपणातून ते वजा करावं असं मला वाटत नाही.

अधिकाऱ्यानं घाई सोडली. आधी ती दहा खोकी आपटायला लावली. आठ फुटली, सगळी सांध्यातून. मग उरलेली वीस, तीन नव्हे, वीसच्या वीस. सतरा तशीच राहिली. तीन फुटली, तेव्हा मिस्त्रींनी तुकडे उचलून त्याच्या हातात दिले आणि कडेवर चपटा अंगठा ठेवला. फळी फाटली होती, सांधा शाबूत होता. अधिकारी ते बराच वेळ पाहत होता. मग त्यानं मला विचारलं, इथला इंजिनियर कोण? मी मिस्त्रींकडे बोट केलं.

काम मिळालं. जोडीला लिहून आलं की खोकी निवडायचा अधिकार मिस्त्रींचा. वडील महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. माझ्याशी तीन दिवस. मग एका सकाळी वडिलांनी चोथ्याची उरलेली पोती स्वतः उभं राहून म्हशींसाठी गावात पाठवली.

लढाई संपेपर्यंत वलवणच्या गव्हाच्या नसेवर आमची खोकी जात राहिली. एकही परत आलं नाही. मग परदेशातून नव्या गोंदाचे डबे यायला लागले. पांढरी पूड, पाण्यात कालवायची की झालं. वडिलांनी एक डबा आणून मिस्त्रींसमोर ठेवला आणि अवघडून म्हणाले, “तुम्ही बघा आणि सांगा. तुम्ही म्हणाल तसं.” मिस्त्रींनी वास घेतला, जीभ लावली, थुंकले. “कडू हाय,” ते म्हणाले, “पर कडू म्हंजे वंगाळच, असं न्हाई.”

सबंध पावसाळा त्यांनी दोन्ही तऱ्हेचे सांधे शेजारी शेजारी टांगून ठेवले. धोंडे सारखे, लाकूड एकाच झाडाचं. गव्हाच्या जोड्या त्यांनी वाऱ्याच्या कमी माऱ्याला ठेवल्यात की काय, असं मला उगाच वाटलं म्हणून मी पाहिलं, नव्हत्या. भाद्रपदात गव्हाचा पहिला सांधा सुटला, मग दुसरा. नव्या गोंदाचे सगळे होते तिथेच होते.

“लिवा ताई. नव्या गोंदाचा सांदा पावसाळाभर टिकला. आपला भाद्रपदात सुटला.” थोडं थांबून म्हणाले, “‘आपला’ काडा. ‘गव्हाचा’ लिवा.” मी तसं केलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. वहीतली ती शेवटची नोंद.

मला पुण्यात एका ऑफिसात टंकलेखनाची नोकरी मिळाली होती. निघायच्या दिवशी, गाडी दुपारची म्हणून, सकाळी मी टांग्यानं वलवणला भागूमावशीचा निरोप घ्यायला गेले. मिस्त्री आधीच गावात होते. गोळे देणाऱ्या प्रत्येक घरी जाऊन ते सांगत होते की आता गोळा लागणार नाही. एका घरी मी मागेच उभी होते. ती बाई म्हणाली, “चार वरसं माज्या गव्हावर सायबाची खोकी हुबी ऱ्हायली, अन् आता म्हशीला घालू म्हनता?”

“घाल की. म्हस तरी तुजं नाव काडंल,” मिस्त्री म्हणाले. ती हसली. तेही हसले, पण पुढच्या घराकडे जाताना त्यांचं पाऊल हळू पडत होतं.

भागूमावशीचं घर शेवटचं. दार ओढून घेतलेलं होतं. शेजारीण म्हणाली, गवत कापायला गेलीय, कधी येईल सांगता येत नाही. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. मी शेजारणीजवळ माझा निरोप ठेवला आणि मिस्त्रींना म्हणाले, तुम्हीही ठेवा आणि चला, टांग्यात जागा आहे.

“न्हाई,” ते म्हणाले. “निरूप धाडला तर तिला वाटंल, तिच्या गव्हात खोट निगाली. त्ये तोंडानं सांगाय पायजे. तिच्या गव्हानं काईबी केलं न्हाई. तुमी जावा ताई, गाडी चुकंल.”

ते ओट्याखालच्या दगडावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते वाटेकडे बघायला लागले होते. मी टांग्यात बसले. टांगा धरणाच्या वळणाला लागेपर्यंत मी मागे पाहत होते. वाटेवर अजून कुणी दिसत नव्हतं. ऊन सरकत दगडाशी आलं, तेव्हा मिस्त्रींनी पाय जवळ ओढून घेतले आणि तिथेच बसून राहिले.